मेळघाटातील अरण्यफेरी व आपल्या विहिरीचे पाणी

वऱ्हाडातील शेतकऱ्यास यात्रा नवी नाही. शेगावची वारी, पौषातील बहिरमची जत्रा, मुक्तागिरीचे दर्शन अशा निमित्तांनी तो वर्षातून एकदोनदा तरी गाव सोडतो. परंतु अकोट, तेल्हारा, अंजनगाव, अचलपूर या तालुक्यांतील बहुतेक शिवारांतून उत्तरेस ज्या डोंगराची निळी रेघ दिसते, त्या डोंगराच्या पोटात जाऊन आलेले लोक आपल्यात थोडेच आढळतात. मुंबई-पुण्याकडील मंडळी शेकडो कोस ओलांडून मेळघाट पाहावयास येतात आणि आपण पायथ्याशी राहून तो पाहत नाही, हे नवल होय. चार-सहा जणांनी मिळून मोठ्या चाकांच्या उघड्या गाडीतून जंगलात केलेली फेरी शेतकऱ्यास काय शिकविते, ती कशी करावी व तीत कोणते पथ्य पाळावे, याविषयी आमचा अनुभव व विचार येथे मांडतो.

प्रथम डोंगराचा हिशेब समजून घेऊ. सातपुड्याच्या या भागास गाविलगडचे डोंगर म्हणतात. अनेक घाट येथे एकत्र मिळतात म्हणून प्रदेशाचे नाव मेळघाट. या डोंगराचा माथा म्हणजे घराचे आढेच समजावे. उत्तरेच्या उतारावर पडलेले पाणी खंडू, खापरा, सिपना, गाडगा व डोलार या नद्यांनी तापीस जाते. दक्षिणेच्या उतारावर पडलेले पाणी वान, शहानूर, चंद्रभागा इत्यादी नद्यांनी आपल्या शिवारांतून पूर्णेस मिळते, आणि ती पूर्णाही पुढे चांगदेवाजवळ तापीसच मिळते. अकोल्यास वर्षास साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस होतो, तर चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे वरचे पाणी झाडांच्या पानांवर पडते, पालापाचोळ्यातून झिरपते, मुळांच्या वाटांनी खाली उतरते आणि पायथ्याच्या गोटाळ-रेताड पट्ट्यात मुरून विहिरींस लागते.

या पाण्याची खरी किंमत पूर्णाकाठच्या लोकांस विचारावी. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतील खारपाणपट्ट्यात विहीर कितीही खोल खणली तरी पाणी खारेच लागते. ते पिकास चालत नाही आणि माणसाच्या घशाखालीही उतरत नाही. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडाजवळ वान नदी अडवून बांधलेल्या धरणाचे गोडे पाणी नळाने या पट्ट्यातील खेड्यांस जाते, आणि शहानूरच्या धरणावर अंजनगाव व दर्यापूरकडील गावे विसंबून आहेत. अंजनगावची पानपिंपळी व पानमळे, अकोटकडील केळी, अचलपूरकडील संत्रा ही सर्व डोंगराच्या गोड्या पाण्याची लेकरे होत. सबब डोंगरावरील जंगल हे आपल्या शेताच्या सातबाऱ्यावर लिहिलेले नसले, तरी आपल्या विहिरीचा अर्धा दस्तऐवज तेथेच आहे. तो वाचावयास एकदा जावे, हाच या लेखाचा मुख्य आग्रह.

आता या अरण्याची व्यवस्था. देशात व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. त्यात आरंभी निवडलेल्या नऊ अरण्यांपैकी मेळघाट हे एक होय. पुढे १९८७ साली गुगामळ हे राष्ट्रीय उद्यान झाले. अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याभोवतालचे अभयारण्य १९९७ सालचे. अरण्याचा आतील भाग तो गाभा व त्याभोवतालचा तो झालर. गाभ्यात खासगी वाहन स्वेच्छेने हिंडविता येत नाही. वनखात्याच्या प्रवेशद्वारावर परवाना घ्यावा लागतो व नोंदलेली गाडी आणि वाटाड्या सोबत असावा लागतो. एका गाडीत सहा प्रवासी, चालक व वाटाड्या, एवढाच मेळ बसतो. अमरावतीकडून जाणाऱ्यांस परतवाड्यावरून सेमाडोह, कोलकास व हरिसाल ही ठाणी सोयीची, तर अकोल्याकडून जाणाऱ्यांस अकोटच्या उत्तरेचे शहानूर द्वार जवळचे. पावसाळ्यात गाभ्यातील वाटा बंद असतात.

गेल्या फाल्गुनात आम्ही पाच शेतकरी मित्र सेमाडोहहून पहाटे निघालो. चालक व वाटाड्या दोघेही जवळच्याच गावचे कोरकू तरुण होते. डांबरी सडक सुटताच गाडी मुरमाच्या वाटेस लागली. पुढे मुरूमही संपून उघडा काळा खडक व सुटे धोंडे सुरू झाले. चढावर चालकाने दुसरा दांडा ओढून चारही चाकांस जोर दिला आणि पहिल्याच गिअरवर, बैल चढ चढतो तशा धिम्या चालीने, गाडी वर नेली. कोरड्या नाल्यात उतरताना त्याने ब्रेकवर भार न देता इंजिनाच्याच ओढीवर गाडी सोडली. आमच्यातील ट्रॅक्टर हाकणाऱ्या मित्राने हे पाहून मान डोलावली. कुशल हाकणारा वेगावरून ओळखू येत नाही, त्याच्या आवरण्यावरून येतो.

त्या दिवसांत सागाची पाने गळून गेलेली असतात, म्हणून दूरवर नजर पोहोचते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, धावड्याचे पांढरे बुंधे, पळसाचा भडका आणि मोहाखाली पहाटेच वेचणीस आलेल्या बाया हे सर्व पाहत आम्ही सिपनेच्या काठी आलो. सिपना हे कोरकू भाषेतील सागाचेच नाव. नदीचे पात्र दगडांत आटले होते, तरी वळणावरील डोहांत निर्मळ पाणी होते. तेथे रानगव्यांचा एक कळप पाण्यावरून परतताना दिसला. कुळकुळीत अंग, गुडघ्याखाली पांढरे पाय. आमच्या थोरल्या बैलाच्या दीडपट उंचीचा तो नर गाडीकडे पाहत उभा राहिला, आणि चालकाने इंजिन बंद केले तेव्हा पाच मिनिटे कोणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. सांबर, भेकर व मोर पुढे पुष्कळ दिसले. धुळीत अस्वलाचा माणसासारखा पाऊल-ठसा दिसला. वाघ दिसला नाही.

वाघ दिसला नाही हे मुद्दाम लिहितो. ताडोबासारख्या सपाट रानात वाघ वारंवार दृष्टीस पडतो. मेळघाट हा खोल दऱ्यांचा व उभ्या कड्यांचा मुलूख असल्याने येथे तो क्वचितच दिसतो. वाघ पाहण्याचा हट्ट धरून येणारा येथून खट्टू होऊन परततो, चालकावर रागावतो व गाडी पळवावयास लावतो. आमच्या मागून आलेल्या एका गाडीतील मंडळींनी पाणवठ्यावर असाच कोलाहल केला आणि त्यानंतर तासभर त्या वाटेवर पाखरूही दिसले नाही. वस्तुतः मेळघाटात पाहण्याजोगे वाघाखेरीज पुष्कळ आहे. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते व ते नामशेष झाले असे मानले जाई. १९९७ साली ते खानदेशात शहाद्याजवळ पुन्हा सापडले आणि त्यानंतर मेळघाटातही आढळले. असे पाखरू ज्या रानात टिकून राहिले, त्या रानाची मशागत निसर्गाने किती काळजीने केली असेल, याचा विचार करावा.

गाडी आखलेल्या वाटेबाहेर नेऊ नये, हा अरण्यातील पहिला नियम. त्याचे कारण शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. वाफसा नसताना ओल्या काळ्या रानातून ट्रॅक्टर गेला तर चाकोरीतील माती दडपून दगड होते व त्या पट्ट्यात पुढे पीक खुरटते. जंगलातही तेच. चाकाखाली पालापाचोळा चुरडला, माती दबली, की तेथे पाणी मुरावयाचे थांबून वाहू लागते. एका पावसात चाकोरीची घळ होते व दोन पावसांत घळीचा ओहोळ. म्हणजे कोणी हौसेने वाट सोडून गाडी घातली, तर तो तुमच्या-आमच्या विहिरीच्या झऱ्यावरच चाक फिरवीत असतो. ‘गाडी कोठूनही जाऊ शकते’ ही बढाई जाहिरातीत शोभते, रानात शोभत नाही.

येथे वाचक विचारतील, आणि विचारणे रास्त आहे, की रात्रभर जागल करून ज्याची तूर रोही खातात व ज्याचा हरभरा-मका रानडुकरे उकरतात, त्याने पैसे देऊन तीच जनावरे पाहावयास का जावे? ही तक्रार खोटी नाही. महसुली नोकरीत पंचनाम्यांची कागदपत्रे आम्ही वर्षानुवर्षे हाताळली आहेत. नुकसान मोठे, भरपाई थोडी व ती उशिरा, हा सार्वत्रिक अनुभव. तथापि दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई वनखात्याकडून मागता येते. नुकसान होताच विलंब न लावता अर्ज द्यावा, पंचनाम्यापूर्वी शेत नांगरू नये व अर्जाची पोच जपून ठेवावी. दुसरे असे की रोही व डुक्कर हे झुडपी रानात व उभ्या पिकांत वाढतात. डुकरास आवरणारे वाघ व कोळसुंदे मात्र दाट जंगलातच राहतात. जंगल तोडल्याने आपला त्रास कमी होत नाही, उलट शत्रूवर अंकुश ठेवणारा तेवढा निघून जातो.

याहून मोठा त्याग कोरकू बांधवांनी केला आहे. वाघास निवांत जागा मिळावी म्हणून गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी उठविली गेली आणि पुढे अकोट बाजूची गावेही उठून खाली आली. पिढ्यान्‌पिढ्यांचे शिवार, देव व मोहाची झाडे मागे टाकून परक्या मातीत नवा संसार मांडणे किती कठीण, हे जमीनधारकाहून अधिक कोण जाणील? पुनर्वसनातील उणिवांविषयी त्यांची गाऱ्हाणी आजही आहेत. म्हणून अरण्यफेरीचा पैसा त्यांच्या हाती पडावा हा न्याय होय. चालक, वाटाड्या, जेवण करून देणारी बाई, निवासाची व्यवस्था पाहणारा, हे सर्व स्थानिकच असावेत असा आग्रह आपण प्रवाशांनी धरावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांस जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो. पायथ्याच्या पायविहीर गावाने तो २०१२ साली मिळवून उजाड टेकड्या राखल्या, झाडे वाढविली व सीताफळाचे उत्पन्न घेतले. हे उदाहरण ज्यास पाहावयाचे असेल त्याने फेरीस एक दिवस जोडून तेही पाहून यावे.

अकोल्याकडील मंडळींनी शहानूर मार्गे नरनाळ्यावर अवश्य जावे. मोगल अमलात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते. महाकाली दरवाज्यावरील कोरीव काम, नऊगजी तोफ व गडावरील तलाव ही पाहण्याजोगी. एवढ्या उंचावर तलाव खोदून शिबंदीस पाणी पुरविणाऱ्यांस डोंगर पाणी कसे धरतो हे पक्के ठाऊक होते.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना अशा. फाल्गुन ते वैशाख या काळात जनावरे पाणवठ्यावर दिसतात, पण ऊन कडक असते. आश्विन-कार्तिकात रान हिरवे व हवा सुखाची, पण जनावरे दाटीत लपतात. परवाना आधीच काढावा. मातकट रंगाचे कपडे घालावेत, भडक नकोत. पिण्याचे पाणी घरून न्यावे व प्लॅस्टिक परत आणावे. विडी-काडी मुळीच नेऊ नये, कारण वाळल्या पाचोळ्यात एक ठिणगी डोंगर पेटविते. भ्रमणध्वनी बंद ठेवावा. गाडीतून उतरू नये. मंडळी पाच-सहाच असावीत व त्यांत एकदोन तरुण अवश्य असावेत, कारण पुढील पन्नास वर्षे शेत त्यांनाच कसावयाचे आहे.

आपल्या सोसायटीच्या सभासदांनी गावोगावी अशा लहान तुकड्या करून वर्षातून एकदा तरी डोंगर चढावा. परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या बांधावर दोन झाडे लावावी व आपल्या शिवारातील नाल्याचा उगम नकाशावर शोधून काढावा. ज्याने आपल्या पाण्याचा उगम डोळ्यांनी पाहिला, तो त्या पाण्याची उधळपट्टी सहसा करीत नाही, आणि डोंगरावर कुऱ्हाड चालू लागली तर स्वस्थही बसत नाही.