टर्बो गेला म्हणतात? आधी पाइप बघा!

इंदापूर सोडलं आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर फुल व्हॉल्यूममध्ये गाणी. अशा ट्रॅक्टरला ओव्हरटेक करणं ही पुणे-सोलापूर हायवेवरची रोजची गोष्ट. मी गिअर खाली घेतला, अॅक्सिलरेटर दाबला आणि... काहीच नाही! इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकायला तयार नाही. आरशात बघितलं तर मागचा रस्ताच गायब. काळाकुट्ट धूर! मागचा बाइकवाला तोंडाला रुमाल लावून काहीतरी म्हणत होता. काय ते ऐकू आलं नाही, तेच बरं.

गाडी बाबांची. २०१२ ची टर्बो डिझेल एसयूव्ही. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी ती हौसेनं माढ्याहून पुण्याला आणली. आता नोकरी सुटली, फ्रीलान्सिंग सुरू झालं आणि तिकडे आईच्या गुडघ्यांसाठी सोलापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडीची गरज माझ्यापेक्षा त्यांना जास्त. म्हणून परत द्यायला निघाले होते. धूर आणि पिकअपची तक्रार आधीपासून होतीच. पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर स्कॅनर लावून पाच मिनिटांत निकाल : "मॅडम, टर्बो गेला. अख्खी असेंब्ली बदलावी लागेल." एस्टिमेट पंचावन्न हजार! बाबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "इकडं घेऊन ये. आपला मिस्त्री बघंल."

(टर्बोवर संशय असताना गाडी अशी दोनशे किलोमीटर हाणणं शहाणपणाचं नव्हतं. का, ते पुढे येईलच.)

फुंकणीची गोष्ट

टर्बो म्हणजे नेमकी काय भानगड? आपल्यातल्या बहुतेकांसाठी तो गाडीच्या मागे लिहिलेला एक स्टायलिश शब्द असतो. प्रत्यक्षात ती एक फुंकणी आहे. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा ओढून दाबानं इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या छोट्या डिझेल गाड्यांत हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, आणि तेही ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत!

चूल आठवा. लाकडं भरपूर आणि फुंकणी मात्र नाही, की घरभर धूर. डिझेलचंही तसंच. डिझेल जास्त आणि हवा कमी पडली की ते नीट जळत नाही, आणि उरते काजळी. म्हणजे काळा धूर सांगतो एवढंच, की हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. हवा नेमकी कुठे अडलीय, डिझेल का जास्त जातंय, हे तो सांगत नाही. एअर फिल्टर चोंदला असेल, पाइप फाटला असेल, नोझल खराब असेल. टर्बो हा त्यातला फक्त एक संशयित. आणि नेमका सगळ्यात महागडा!

स्कॅनरचंही तेच. माझ्या गाडीत पी-०२९९ हा कोड आला होता. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाहीये. बस्स. दाब कुणी चोरला, ते स्कॅनरला माहीत नसतं. गॅरेजवाल्यानं कोड वाचला आणि थेट शिक्षा सुनावली.

"धूर कवा येतो?"

माढ्यातलं मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दारात उघडे पडलेले दोन ट्रॅक्टर आणि चहा. साखर कारखान्यांचा सीझन सुरू, त्यामुळे मिस्त्री जाम बिझी. तरी बाबांना बघून आले. मी मोबाइलवर कोडचा फोटो दाखवायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या ताई. धूर कवा येतो? उभ्या गाडीला का चढाला?"

चढाला. लोड आला की.

"रंग?"

काळा.

"निळा कधी दिसला का? ऑइल पिती का गाडी?"

नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल टाकायला लागलं नव्हतं.

तीन प्रश्नांत अर्धं काम झालं होतं, हे मला नंतर कळलं. टर्बोची सील गेली की ऑइल इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये उतरतं आणि धूर निळसर येतो, ऑइलची पातळी घटत जाते. पांढरा धूर थांबतच नसेल, तर न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरणारं कूलंटचं पाणी बघायचं. काळा धूर म्हणजे हवा आणि डिझेलचा हिशेब चुकलाय. तोही फक्त लोडवर येत असेल, तर जिथे दाब तयार होतो तिथपासून इंजिनपर्यंतची वाट तपासायची.

आधी एअर फिल्टर निघाला. सीझनमध्ये आमच्याकडच्या रस्त्यांवर जी धूळ उडते, ती मी पुण्यात बसून विसरले होते. तरी फिल्टर ठीकठाक निघाला. मग मिस्त्रींनी पोराला रेस द्यायला बसवलं आणि स्वतः इंटरकूलरच्या जाड रबरी पाइपांवरून हात फिरवायला लागले. इंटरकूलर म्हणजे टर्बोनं दाबलेली, दाबामुळे तापलेली हवा थंड करणारी जाळी. रेस वाढली की कुठून तरी 'फुस्स' असा बारीक आवाज यायचा. बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं. इंटरकूलरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपच्या पोटाला ओलसर, धूळ चिकटलेला एक डाग होता.

"वल आन् धूळ जिथं संगट दिसती, तितनं हवा भाईर येती बगा."

पाइप सोडवून वाकवला. बोटभर चीर! गाडी नुसती सुरू असताना ती मिटलेली राहायची, दाब आला की तोंड उघडायची. फुंकणीलाच भोक.

पण मला एक शंका होती. पुण्यातल्या गॅरेजनं तोच पाइप काढून आतलं ऑइल दाखवलं होतं ना? "हे बघा, टर्बो ऑइल फेकतोय!" मिस्त्री हसले. इंजिनच्या पोटातली ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून याच वाटेनं जाते. त्यामुळे पाइपात थोडा ओलावा असतोच. वाटीभर ऑइल साचलेलं सापडलं तर मात्र काळजी करायची.

तरी त्यांनी टर्बो तपासायचा सोडला नाही. इंजिन बंद, गार, टर्बोच्या तोंडाचा पाइप बाजूला. दोन बोटांनी दांडा हलवून दाखवला. आडवा किंचित हलतो, तो हलणारच, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगायला बनवलाय. पुढे-मागे मात्र हलता कामा नये. आणि पात्यांची टोकं भोवतीच्या भिंतीला घासल्याची खूण दिसली, तर खरंच टर्बो गेला. माझ्या टर्बोची पाती स्वच्छ होती.

आणि मग माझी चोरी पकडली गेली

नवा पाइप कुर्डुवाडीहून मागवला, बसवला, ट्रायल घेतली. पिकअप बराचसा परत आला! मी पेढे वाटायच्या मूडमध्ये. पण मिस्त्री आरशातच बघत होते. धूर कमी झाला होता, संपला नव्हता.

"गाडी तिकडं कशी चालवत होता?"

कोथरूड ते हिंजवडी. ऑफिसच्या वेळेत. म्हणजे फर्स्ट, सेकंड, ब्रेक. फर्स्ट, सेकंड, ब्रेक. दोन वर्षं! इंजिन गरम होऊन मोकळं पळण्याची वेळ क्वचितच यायची.

नायट्रोजन ऑक्साइडं कमी व्हावीत म्हणून डिझेल इंजिनात जळलेला थोडा धूर परत आत सोडला जातो. ते काम ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह करतो. संथ ट्रॅफिकमध्ये हा धूर जास्त फिरतो, ब्रीदरच्या ऑइली वाफेत मिसळतो आणि आत डांबरासारखा थर धरतो. मिस्त्री त्याला साध्या भाषेत 'कार्बन धरणं' म्हणतात. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला की हव्या त्या वेळी ताजी हवा कमी आणि धूर जास्त. म्हणजे आणखी काजळी. त्यात फाटका पाइप! पुढच्या बीएस-६ गाड्यांमध्ये (देशभर एप्रिल २०२० पासून) काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर आला. आपल्या जुन्या गाड्यांत बहुधा तो नसतो. त्यांची काजळी एक तर आत साठते, नाहीतर मागच्या बाइकवाल्याच्या तोंडावर जाते.

ईजीआर उघडला तेव्हा मला खरंच लाज वाटली. हवेची वाट निम्म्याहून जास्त बुजलेली. दुपारभर पोरगा खरवडत बसला होता. बाबा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

जाता जाता मिस्त्रींनी टर्बोच्या बाजूची बारीक दांडीही दाखवली. माझ्या गाडीत टर्बोच्या आतली पाती उघडझाप करतात आणि ती दांडी त्यांना हलवते. इंजिन सुरू केलं की ती ओढली जाते, बंद केलं की परत येते. अडखळली तर आत काजळी बसलीय किंवा तिला ओढणारी व्हॅक्यूमची नळी फुटलीय. ती नळी अगदी स्वस्तात येते. असं असलं तर गाडी कधी एकदम मिळमिळीत होते, आणि बंद करून सुरू केली की पुन्हा नॉर्मल! हे ज्यांच्या गाडीला होतं, त्यांनी टर्बो बदलायच्या आधी ही दांडी आणि नळी बघून घ्यावी. सगळ्याच गाड्यांत ही सिस्टिम अशी नसते, पण विचारायला काय जातं?

घरी डोंगल लावून कोड वाचायचा फंडा सध्या जोरात आहे. हरकत नाही. पण बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत डोंगल चालेलच असं नाही.

दोन गोष्टी, सीरियसली

पहिली. निळा धूर आणि ऑइल घटत असेल, तर गाडी चालवू नका. टर्बोच्या सीलमधून ऑइल इंजिनात शिरलं, तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही! रेस आपोआप चढत जाते. मॅन्युअल गाडी असेल तर जोरात ब्रेक दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. इंदापूरच्या पुढे मला हे माहीतच नव्हतं.

दुसरी. "ईजीआर बंदच करून टाकू, कटकट नको," असा सल्ला सर्रास मिळतो. मलाही मिळाला, शेडमध्ये चहा प्यायला आलेल्या एका काकांकडून. मी नाही म्हटलं. काजळी कमी होईल कदाचित, पण नायट्रोजन ऑक्साइडं वाढतात आणि ही छेडछाड बेकायदा आहे. डिझेलचा धूर साधासुधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये तो कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकला. म्हणजे माझी गाडी ज्या वर्षी शोरूममधून निघाली, त्याच वर्षी.

तिसऱ्या दिवशी पीयूसी काढली. डिझेलला इथे धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ एचएसयूची मर्यादा आहे, बीएस-४ ला ५०. सेंटरवाल्यानं रेस दिली, आकडा मर्यादेच्या बराच खाली आला. मिस्त्रींचं बिल पाइप, सफाई, नवं ऑइल, मजुरी सगळं धरून सात हजारांच्या आत. टर्बो तोच, जुना.

निघताना मी एसटीनं पुण्याला जाणार होते. बाबांनी किल्ली खिशात टाकली, दारापर्यंत आले आणि म्हणाले, "महिन्यातनं एकदा येत जा. आली की टेंभुर्णीपर्यंत पळवून आणायची. कार्बन धरत न्हाई."