समुद्रविद्येची उमेदवारी व तिचा खर्च

नागपूरकरास समुद्रविद्येशी काय कर्तव्य, असा प्रश्न पुष्कळ पालक करतील. मृग नक्षत्री जो पाऊस आपल्या संत्र्यांच्या बागांवर पडतो, तो हिंदी महासागरावरूनच येतो. शिवाय त्सुनामीच्या लाटांची आगाऊ सूचना देणारे भारताचे केंद्र २००७ साली स्थापन झाले, ते समुद्रकाठी नव्हे, तर किनाऱ्यापासून दूर अशा हैदराबादेस. तेव्हा अंतराची अडचण मोठी नाही. खरी अडचण पैशाची आहे.

महाविद्यालयातील विद्यार्थ्याने सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत राहून काम शिकावे, यास हल्ली इंटर्नशिप म्हणतात. सुताराच्या किंवा वकिलाच्या हाताखाली करीत ती आपली जुनी उमेदवारीच ही! गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथे दोन महिने राहावयाचे म्हणजे रेल्वेचे भाडे, खोली व जेवण हे सर्व आले. आणि गोवा हे प्रवाशांचे गाव असल्याने खोली स्वस्त मिळेल अशी आशा धरू नये. त्यातून उमेदवारी बिनपगारी असेल, तर ज्या मुलाने सुट्टीत चार पैसे मिळवून घरी द्यावयाचे, त्यास ते दार बंदच समजावे. मग हुशारी असून काय उपयोग?

ही अडचण नवी नव्हे. इटलीतील नेपल्स येथे १८७२ साली अँटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रप्राण्यांच्या अभ्यासाकरिता एक प्रयोगशाळा काढली. तिचा खर्च चालविण्यास त्याने मोठी नामी युक्ती योजिली. निरनिराळ्या सरकारांनी व विद्यापीठांनी वार्षिक भाडे भरून तेथील एकेक मेज राखून ठेवावे व त्यावर आपापला अभ्यासक पाठवावा! अभ्यासकास मेजाचे भाडे पडत नसे. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सुशिक्षित स्त्रियांनी वर्गणी जमवून असेच एक मेज केवळ स्त्री-संशोधकांकरिता घेतले. आमच्या विद्यार्थिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे मेज नव्हे, शिष्यवृत्ती मिळते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली ‘इन्स्पायर’ योजना सुरू केली. बारावीस आपल्या मंडळाच्या वरच्या शेकडा १ विद्यार्थ्यांत जो येईल व पुढे मूलभूत विज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम घेईल, त्याच्यासाठी तीत वर्षास ८०,००० रुपये ठरविले. पैकी ६०,००० रुपये शिष्यवृत्तीचे व २०,००० रुपये उन्हाळ्यातील संशोधनकामाप्रीत्यर्थ. मान्य विषयांच्या यादीत प्राणिशास्त्र व भूशास्त्र यांच्याबरोबर समुद्रविज्ञानही आहे. वैद्यक व इंजिनिअरिंग मात्र नाही, हे पालकांनी पाहून ठेवावे.

शेकडा १ मध्ये न येणाऱ्यांनी निराश होऊ नये. बंगळूर, दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनवृत्ती देतात. निवडलेल्या विद्यार्थ्यास सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे पाठवून विद्यावेतन देतात. तिच्या अर्जास शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि जो विद्यार्थी वर्षभर प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहिला, त्याविषयी शिक्षकाने लिहावे तरी काय?

एक व्यवहाराची गोष्ट मुद्दाम सांगतो. अशा कामाचे पैसे पुष्कळदा काम संपून अहवाल दिल्यावर हाती येतात. भाडे व खाणावळीचे बिल मात्र तितके दिवस थांबत नाही. म्हणून संस्थेस पत्र लिहितानाच विद्यावेतन मिळते काय, किती व केव्हा, वसतिगृहात जागा आहे काय, उलट संस्थाच काही शुल्क घेते काय, हे स्पष्ट विचारावे. असे विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर आल्यावर आरंभीच्या महिन्याची रक्कम घरून अथवा महाविद्यालयाच्या गरीब विद्यार्थी निधीतून आगाऊ उभी करता येईल की नाही, हे मार्चपूर्वीच ठरवावे.

शाळेतील मुलांस अर्ज करावयास अजून काही वर्षे आहेत. तोपर्यंत अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास काहीच खर्च पडत नाही. त्यातील तरंगते जीव गोड्या पाण्याचे खरे. पण ते पाहण्याची, मोजण्याची व चित्र काढून ठेवण्याची रीत समुद्रावरही बहुतेक तीच आहे.