श्रवणयंत्र दिलं, पुढं काय?

मूल अकाली गेलं की त्याच्या नावानं काहीतरी करावं असं आईवडिलांना वाटतं. आपल्याकडं त्याची वाट जवळपास ठरलेली: त्याच्या वाढदिवशी कर्णबधिर विद्यालयात गोड जेवण, नाहीतर श्रवणयंत्रांचं वाटप, मागं फलक, पुढं फोटो. त्यामागची भावना खरी असते. पण यंत्र हाती आलं की खर्च संपत नाही, सुरू होतो. लहान मुलाचा कान वाढत असतो, त्यामुळं कानात बसणारा साचा काही महिन्यांत ढिला पडतो. मग यंत्र शिट्टी मारायला लागतं, वर्गातली मुलं वळून बघतात आणि ते यंत्र दप्तरात जातं. सेल वरचेवर बदलावे लागतात, पावसाळ्यात दमटपणा शिरतो. साचा नवा करून देणारं, यंत्र तपासणारं, आईला घरी कसं बोलायचं ते दाखवणारं माणूस शाळेत नसेल, तर महागडं यंत्रही कपाटातच राहतं. म्हणून स्मृतिप्रीत्यर्थ द्यायचं ते आधी माणसाच्या पगारासाठी द्यावं.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये पैसा असाच आधी माणसावर खर्च झाला, तोही मूल हयात असताना. ॲलिस कॉग्सवेल लहानपणीच्या तापात बहिरी झाली. वडील डॉक्टर होते. तिच्यापुरता शिक्षक घरी ठेवणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्यांनी आधी कनेटिकट राज्यात अशी किती बहिरी माणसं आहेत याची मोजदाद करवली, मग गावातून वर्गणी काढून गावातल्याच थॉमस गॅलॉडेट यांना त्यांना शिकवण्याची पद्धत शिकायला १८१५मध्ये युरोपला धाडलं. ते परतले ते पॅरिसच्या लोराँ क्लेर्क या कर्णबधिर शिक्षकाला घेऊन. १८१७मध्ये शाळा उघडली तेव्हा ॲलिस पहिल्या तुकडीत होती. १८३०मध्ये, वडिलांपाठोपाठ काही दिवसांतच, पंचविशीत ती गेली. शाळा आजही चालू आहे. वर्गणीचा पैसा गेला तो शिक्षक आणण्यावर, आणि तिथल्या खाणाखुणांच्या भाषेचा पाया त्याच वर्गांत घातला गेला.

आता कॉक्लियर इम्प्लांट आलंय, मग खुणांची भाषा कशाला, असं कुणी विचारेल. इम्प्लांटनं अनेक मुलांना बोलणं मिळालं, हे निर्विवाद. पण शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं सराव लागतो, आणि तो सगळ्यांना सारखा फळत नाही. तोवर मूल भाषेवाचून थांबू शकत नाही. भाषा रुजायची ती पहिल्या काही वर्षांतच. खुणा नाकारण्याची चूक आधी झालीय: कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या १८८०च्या मिलान परिषदेनं शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेनं खेद व्यक्त केला तो थेट २०१०मध्ये. हे सरकारचं काम, असा दुसरा आक्षेप. कामच आहे, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेतल्या शिक्षकांची तरतूदही आहे. पण पद मंजूर होऊन भरलं जाईपर्यंत तीन वर्षांचं मूल सहा वर्षांचं होतं. देणगीनं सरकारची जागा घेऊ नये, एवढा मधला काळ तेवढा धरून ठेवावा. राहता राहिलं नाव. ते ठेवीला देता येतं: मुलाच्या नावानं ठेव, तिच्या व्याजातून कर्णबधिर प्रशिक्षकाचं मानधन, आणि पालकांसाठी आठवड्याचा खुणांचा वर्ग. फलकाची ऑर्डर देण्याआधी जवळच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: तुमच्याकडं कोणतं पद रिकामं आहे?