सत्तर वर्षांचें राज्य

वाकाटकांची सत्ता इ. स. ५०० च्या सुमारास मावळली आणि पुढें सवाशें वर्षांच्या आंत महाराष्ट्र बदामीच्या चालुक्यांच्या हातीं गेला. या दोन थोर राजवंशांच्या मधल्या काळांत एक अल्पायुषी राज्य येथें नांदून गेलें. तें माहिष्मतीच्या कलचुरींचें. इनमीन तीन राजे आणि अवघीं सत्तर वर्षें!

पहिला राजा कृष्णराज इ. स. ५५० च्या सुमारास उदयास आला. त्याचा पुत्र शंकरगण यानें इ. स. ५९७ मध्यें उज्जयिनीहून दिलेला ताम्रपट नाशिक जिल्ह्यांत अभोणें येथें मिळाला. त्यांत पूर्व व पश्चिम समुद्रांमधील देशांचा स्वामी म्हणून राजाची स्तुति आहे. ती अर्थात् कवीची. परंतु दान दिलेली जमीन भोगवर्धन विषयांतील, म्हणजे मुकुंदवाडीच्या ईशान्येस असलेल्या आजच्या भोकरदनाकडील आहे. वायव्येस वेरूळचें रामेश्वर लेणें आणि दूर समुद्रांत घारापुरीचें शैव लेणें हीं याच काळांतलीं, असें अनेक पंडित मानतात. दोन्हीं ठिकाणीं कृष्णराजाचीं नाणीं सांपडलीं आहेत.

विदिशेपासून कोंकणापर्यंत पसरलेलें हें राज्य राखणें मात्र सोपें नव्हतें. तिसरा राजा बुद्धराज गादीवर येतांच दक्षिणेकडून चालुक्य मंगलेश चालून आला. बुद्धराज पळाला व त्याची संपत्ति मंगलेशानें लुटली, असें चालुक्यांचे लेख सांगतात. महाकूटचा स्तंभलेख इ. स. ६०२ चा आहे. तरीही राज्य तेव्हांच बुडालें नाहीं, कारण चालुक्यांच्या घरांतच गादीचा तंटा पेटला. बुद्धराजाचे पुढील दोन ताम्रपट एका वर्षाच्या अंतरानें निघालेले. एक विदिशेच्या तळावरून, दुसरा गुजरातेंतील आनंदपुराच्या तळावरून. यानंतर त्याचें नांव ऐकूं येत नाहीं. उज्जयिनी वलभीच्या मैत्रकांकडे गेली आणि महाराष्ट्र दुसऱ्या पुलकेशीनें घेतला. ९९,००० गांवांच्या तीन महाराष्ट्रकांचें आधिपत्य त्यास लाभल्याचें इ. स. ६३४ चा ऐहोळेचा शिलालेख सांगतो.

राज्य गेलें, तरी त्याचें नाणें गेलें नाहीं. कृष्णराजाचा रुपया लहानसा, चांदीचा. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस नंदी. नाशिकजवळील अंजनेरी येथील भोगशक्तीच्या इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटांत ‘कृष्णराज-रूपक’ नांवानें त्याचा उल्लेख आहे, आणि त्या लेखाची कालगणनाहि कलचुरि संवताचीच आहे. भोगशक्ति चालुक्यांचा मांडलिक होता. ज्यांनीं कलचुरींचें राज्य बुडविलें, त्यांच्याच अमलाखालीं बाजारांत कृष्णराजाचें नांव शतकानंतरहि चालत होतें.