उचलू नये अशी वस्तू

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या फळ्या, म्हणजे पाने गोळा करण्याची केंद्रे, लागतात आणि पाठोपाठ वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या येतात. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी बळी गेला. ते वाचताना मला, विचित्र वाटेल, पण व्हिडिओ गेम आठवला.

'सुपर मारिओ'मध्ये अळंबी दिसली की धावत सुटायचे; ती मिळाली की मारिओ मोठा होतो. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या पुढच्या भागात जवळपास तशीच दिसणारी विषारी अळंबी आली. शिवली की मारिओ लहान होतो, नाहीतर मरतो. खेळाडूला आधी हावरट बनवायचे आणि मग हावेचीच शिक्षा द्यायची, हा कुठला न्याय? तरी त्यात एक सोय आहे. नीट पाहिले तर रंग वेगळा दिसतो, आणि ती न घेताही खेळ पुढे सरकतो.

तेंदू तोडणाऱ्याला ही सोय नसते. पानात वाघ लपलेला नाही. सापळा आहे तो मजुरीच्या हिशेबात. सत्तर पानांचा पुडा, जितके पुडे तितके पैसे, आणि हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. मग माणूस झुंजूमुंजूलाच निघतो, जवळची झुडपे संपली की आत शिरतो आणि वाकून पाने तोडतो. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखा वाटतो, असे वन्यजीव अभ्यासक सांगतात. वनखाते म्हणते, एकटे जाऊ नका, खोल जाऊ नका. पैसे मात्र खोल जाणाऱ्यालाच जास्त मिळतात! वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर कुटुंबाला २५ लाख रुपये देण्याचा निर्णय सरकारने २०२३मध्ये घेतला. पुड्यांचा हिशेब तसाच राहिला.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने ही वस्तू उचलायचीच नाही असे ठरवले. २०१२मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता बंद केला. कारण वाघ नव्हता. पानांसाठी झाडांची छाटणी होते, चांगली पालवी फुटावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात आणि शेवटी त्या पानाची विडीच होते, हे लोकांनी मांडले. हातची रोकड सोडली, पण मागे बांबू होता. तो गावाने स्वतः विकला.

प्रत्येक गावाकडे असा बांबू नाही. ज्यांच्याकडे नाही, त्यांना 'जंगलात जाऊ नका' असे सांगणे फुकाचे आहे. त्यांच्या हाती मे महिन्यात दुसरी कोणती मजुरी द्यायची, हे वनखात्याने फळ्या लागण्याआधी सांगावे.