पिचकारीखालची गाडी

सकाळी ६.३०
तुर्भे नाका. मे महिना, आत्ताच घामाच्या धारा. टेम्पोत सहा जण: मुकादम, चालक, झाडावर चढणारा आणि खालचे तिघे. दोन कोयते, एक करवत, पेट्रोलचं कटर, नायलॉनचे दोन दोर. चढणाऱ्याची हजेरी ९००, खालच्यांची ६००. चहा १० रुपये, ज्याचा त्यानं द्यायचा.

७.१५
वाशीतली अरुंद गल्ली. पावसाआधीची छाटणी. आज दोन झाडं, दोन्ही पिचकाऱ्या. पहिलीच्या बरोबर खाली पांढरी गाडी उभी. नोटीस परवाच गेटवर चिकटवलेली. वॉचमन वर जातो, खाली येतो. ‘साहेब झोपलेत.’ गाडी हलेस्तोवर सव्वाआठ. या तासाचे पैसे कोणी कापत नाही, पण काम तेवढंच राहतं आणि ऊन वाढतं.

८.२०
चढणारा दोर कमरेला बांधतो. चपला खाली. प्रत्येक फांदीवर भार टाकण्याआधी कोयत्याची मूठ आपटून बघतो. भद्द आवाज आला की फांदी आतून पोकळ. ‘आंबा आधी कुरकुरतो,’ तो वरून सांगतो, ‘ही काही सांगत नाही, सरळ मोडते.’ पिचकारी भराभर वाढते. नव्या रस्त्यांना लवकर सावली हवी असते, म्हणून ती लावली जाते. लाकूड मात्र मऊ. पश्चिम आफ्रिकेत, तिच्या माहेरी, याच लाकडाचे ढोल करतात.

९.४५
पहिली मोठी फांदी. आधी दोर, मग कटर. खालचे दोघे दोर ताणून धरतात, तिसरा रस्ता अडवतो. स्कूटरवाले तरीही घुसतात. फांदी हळूहळू खाली येते. टोकाला केशरी फुलांचा झुबका, पाकळ्यांना पिवळी किनार. मधोमध वाकड्या, बदामी कळ्या. सुट्टीतली पोरं टपूनच असतात. कळी दाबली की पाण्याची चिळकांडी थेट शेजाऱ्याच्या डोळ्यात.

१०.३०
कावळ्याचं घरटं, आत पिल्लं. मुकादम खालून ओरडतो, ‘ती फांदी राहू दे!’ त्या बाजूला झाड आता वेडंवाकडं दिसणार. दिसू दे.

दुपारी १२.४५
भाकरी, ठेचा, वर २० रुपयांचा वडापाव. सोसायटीतल्या एक ताई येतात. ‘काका, अख्खंच काढा ना. परदेशी झाड, दर पावसात फांदी पडते.’

‘ताई, अर्ज करावा लागतो. परदेशी असलं तरी.’

मुकादम बरोबर बोलला. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा झाड कुठून आलं हे विचारत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं तर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी रोपं लावायची. पन्नाशी गाठली की झाड पुरातन वृक्ष ठरतं. ज्या झाडासाठी एवढे कागद, त्याची जगात कोणाला काळजी नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत पिचकारी ‘सर्वांत कमी काळजी’ या गटात आहे. उलट जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींत तिचं नाव आहे. हवाई, फिजीत ती रानात पसरली. तिच्या फुलांत मधमाश्या मरतात म्हणून ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यानं २०१९ साली तिच्या लागवडीवर बंदी घातली.

३.१०
दुसरी पिचकारी. वाळक्या शेंगा होडीसारख्या उघडतात. एकेका शेंगेत शेकडो बिया, प्रत्येकीला कागदाहून पातळ, पारदर्शक पंख. वाऱ्यावर गल्लीभर उडतात. खालच्याच्या घामेजल्या मानेला दहा-बारा चिकटतात.

४.४०
फांद्यांचे तुकडे, टेम्पो भरणं. हे लाकूड कोणी मागत नाही. धड पेटत नाही, भंगारवालाही नको म्हणतो.

५.४५
करवतीच्या दातांवर कानस. चढणाऱ्याच्या पोटरीवर लांब ओरखडा, त्यावर हळद नाही, काही नाही. हजेरी वहीत मांडली जाते, पैसे शनिवारी. एवढ्या अरुंद गल्लीत हे झाड लावायला नको होतं, असं माझं मत. पण लावलंय, आणि दरवर्षी कोणीतरी त्यावर चढणार आहे. तेव्हा गेटवर छाटणीची नोटीस दिसली, तर आदल्या रात्रीच गाडी हलवा.