आधी अंगात, मग तोंडात

गजानन माधव मुक्तिबोध उज्जैनला शिकले, पुढे तिथे शिक्षकही होते. घर मराठी, पण ते हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ साली त्यांना मराठीसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन भाषा एका घरात कशा नांदू शकतात, याचा यापेक्षा मोठा दाखला माळव्यात सापडणार नाही.

आज उज्जैनच्या कितीतरी मराठी घरांत चित्र वेगळे आहे. आजी विचारते, “जेवलास का रे?” नातू म्हणतो, “हाँ, खा लिया.” त्याला प्रश्न कळलेला असतो, उत्तर मात्र शाळेच्या आणि गल्लीच्या भाषेत येते. राणोजी शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या घरांना हिंदी परकी नाही, असूही नये. काळजी एवढीच, की कानापर्यंत आलेली मराठी जिभेवर उतरत नाही. गंमत म्हणजे हेच मूल मोबाइलवरच्या गाण्यांतून स्पॅनिश आकडे आणि रंग घडाघडा म्हणून दाखवते. तिथेही पुढे काही घडत नाही. रस्त्यावर न भेटणारी भाषा लहान मुलाला कशी द्यायची, हा प्रश्न मराठीचा असो की स्पॅनिशचा, एकच आहे.

जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात त्यावर एक साधी वाट दाखवली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे तो शिकवत असे. शिक्षकाने परक्या भाषेत ‘ऊठ’, ‘चाल’, ‘थांब’, ‘वळ’ म्हणायचे आणि स्वतः तसे करायचे. शिकणाऱ्याने फक्त बरोबर हालायचे, बोलायचे नाही. बोलण्याची सक्ती नसल्याने भीती जाते आणि शब्द कृतीला चिकटतो. सुरुवात त्याने जपानी आणि रशियनपासून केली, नंतर स्पॅनिशवरही ही रीत वापरून पाहिली. रशियनच्या प्रयोगात एक निष्कर्ष मोठा बोलका निघाला. मोठी माणसे आणि मुले यांना सारख्याच रीतीने शिकवले, तेव्हा मोठेच पुढे गेले. म्हणजे ‘मुलांना भाषा आपोआप येते’ हे म्हणणे अर्धेच खरे. मुलाचे खरे बळ हे की घरात त्याच्याशी होणारे बरेचसे बोलणे हालचालीशी बांधलेले असते: इकडे ये, हात पूस, बूट घाल. आपण मोठे मात्र खुर्चीत बसून शब्दांच्या याद्या पाठ करतो.

गाण्याचा फायदाही तपासला गेला आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ प्रौढांना पंधरा मिनिटे हंगेरियन वाक्ये शिकवली. काहींनी ती ऐकून नुसती म्हटली, काहींनी तालात म्हटली, काहींनी गायली. गाणाऱ्यांना ती वाक्ये पुन्हा म्हणून दाखवणे अधिक चांगले जमले. चाल असली की पुढचा शब्द मागच्याला ओढून आणतो.

पण इथेच एक खड्डा आहे आणि बहुतेक पालक त्यात अडकतात. पूर्ण गाणे बिनचूक म्हणणाऱ्या मुलाला मधला एक शब्द वेगळा काढून विचारा, ते गोंधळते. त्याच्या लेखी अख्खी ओळ हाच एक शब्द असतो. म्हणून गाणे पाठ झाले की ते मोडावे लागते. क्रम बदलायचा, एखादा शब्द गाळून मुलाकडून भरून घ्यायचा, मुलाला हुकूम सोडायला लावायचे आणि आपण मुद्दाम चुकायचे. ‘नाकाला हात लाव’ असे त्याने सांगितल्यावर तुम्ही कान पकडलात, तर ते ओरडून दुरुस्त करील. त्या क्षणी शब्द त्याच्या मालकीचा होतो.

आपल्या भोंडल्यात ही सगळी रीत फार आधीपासून आहे, हे पाहून मला खरोखर अभिमान वाटतो. पाटावर हत्ती, भोवती फेर, हातात हात, पायाला ठेका. कारल्याच्या वेलाचे गाणे आठवा. सासू सुनेला माहेरी जाण्यासाठी एकेक अट घालत जाते. बी पेरण्यापासून भाजी होईपर्यंत चाल तीच, साचा तोच, बदलतो तो एखादा शब्द. व्याकरणाचा याहून चांगला सराव कोणत्या पुस्तकात आहे? प्रत्येक कडव्याला पेरण्याची, तोडण्याची, चिरण्याची कृती जोडली की चार वर्षांच्या मुलालाही ते कळते. शेवटी खिरापत. गोड की तिखट, कोरडी की पातळ, तळलेली की उकडलेली, असे विचारत ओळखायची. इथे पाठ केलेले काही चालत नाही, स्वतःचा प्रश्न स्वतःच बनवावा लागतो. गाणे मोडण्याचे काम खिरापत करते.

माळव्यातल्या मुलीला तर दुहेरी लाभ. पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा काढून ती शेजारच्या मुलींबरोबर माळवी गाणी म्हणते आणि अमावास्येनंतर नवरात्र लागले की मराठी फेर धरते. एक भाषा दुसरीला ढकलून देते ही भीती इथे कुणी बाळगू नये.

स्पॅनिश शिकवायची असेल तर मराठी घराला एक सोय आहे. त्या भाषेतले त, द, प, क आपल्या तोंडात तयार आहेत, स्वर पाचच आणि स्वच्छ. साल्ता म्हणजे उडी मार, कोर्रे म्हणजे पळ, पारा म्हणजे थांब. एवढ्या तीन हुकुमांवर अंगणात अर्धा तास खेळ चालतो. त्यानंतर काबेसा म्हणजे डोके, मानो म्हणजे हात, पिए म्हणजे पाय. मग ‘डोक्याला हात लाव’पर्यंत जायला वेळ लागत नाही. लिपी, स्पेलिंग, लिंगभेद यांना इतक्यात हात लावू नये.

गाण्यातून आणि कृतीतून मुलांना शिकवणे महाराष्ट्रात शास्त्र म्हणून आणले ते ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते वाढवले. गाणे, अभिनय आणि हातांनी करायची कामे हा तिथे रिकामा वेळ घालवण्याचा भाग नव्हता. तेच शिक्षण होते. हल्लीच्या बालवर्गांत मात्र अभिनयगीत स्नेहसंमेलनापुरते उरते. रंगमंचावर एका रांगेत, समोर बसलेल्या पालकांसाठी, ध्वनिमुद्रित गाण्यावर मुले हात हलवतात आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नाही. हे मला मान्य नाही.

उज्जैन, इंदूर, देवासच्या मराठी मंडळांना म्हणून एक विनंती. यंदाच्या नवरात्रात भोंडल्याची स्पर्धा ठेवू नका. ध्वनिक्षेपक बंद ठेवा, आठ-दहा मुलांचे लहान फेर करा, त्यांत मुलग्यांनाही घ्या आणि प्रत्येक फेरात एक आजी असू द्या. मुलाने खिरापत हिंदीत ओळखली तर रागावू नका. तोच शब्द मराठीत म्हणून डबा उघडा. आणि घरी रोज दहा मिनिटे, स्वयंपाकघरातच, मुलाला मराठीत कामे सांगा, त्याच्याकडून सांगून घ्या. त्यासाठी शिकवणी लावावी लागत नाही.